बोलायची तालीम

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली मौज प्रकाशनाकडून आली. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ती 'अगदी आमच्याच शाळेची गोष्ट' म्हणून वाचली आणि शेजारच्याला दिली. माझी प्रत तर अशीच फिरत फिरत निपाणीला गेली, ती परत आली नाही. आणीबाणीच्या वर्षांतले, मुंबईच्या अंगाचे एक वाढते गाव, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी नावाचा मुलगा आणि शिरोडकर नावाची मुलगी. कथानक म्हणावे तर एवढेच. जोशी तिच्याशी बोलू पाहतो; वर्ष संपते, शिरोडकर गाव सोडून जाते.

पण या कादंबरीचा खरा ऐवज प्रेमात नाही, प्रेमाच्या आधीच्या तयारीत आहे, असे मला प्रत्येक वाचनात अधिकाधिक वाटत आले आहे. जोशी जेवढा बोलतो त्याच्या कितीतरी पट मनात बोलून पाहतो. तिला कुठे गाठायचे, सुरुवात कशाने करायची, ती अमुक म्हणाली तर आपण काय म्हणायचे, नाहीच काही म्हणाली तर काय करायचे. त्याच्या मनात अशी ही तालीम अखंड चालू असते. त्याचा मित्र सुऱ्या वेगळ्या वकुबाचा आहे; तो आधी करतो, विचार मागाहून. कादंबरी सुऱ्याच्या तोंडून सांगितली असती तर दहा पानांत आटोपली असती. ती लाजऱ्याच्या तोंडी दिली, म्हणून तिला पाने मिळाली.

ही तालीम लांबते, याचे कारण मुलगा भित्रा आहे एवढेच नाही. त्याच्यापाशी शब्द आहेत, पण सगळे दुसऱ्यांचे. मित्रांच्या कट्ट्यावरचा एक शब्द आहे: 'लाईन'. तो मुलांमध्ये चालतो, मुलीपुढे उच्चारताही येत नाही. सिनेमातले शब्द आहेत. ते नववीच्या गणवेशात हास्यास्पद होतात. घरात बोलावे अशी माणसे थोडी. नरूमामा त्यातल्या त्यात जवळचा, पण मामा झाला तरी तो मोठाच. आणि पाठ्यपुस्तकातली मराठी तर अशा प्रसंगी तोंडाला कुलूपच घालते. चौदा वर्षांच्या मुलाने आपल्याच वयाच्या मुलीला सरळ म्हणावे असे एक साधे वाक्य आपल्या भाषेने त्याच्यासाठी तयार ठेवलेले नाही. जोशी ते घडवू पाहतो. 'शाळा'चा मोठेपणा मला यात दिसतो. आणीबाणीत मोठ्यांच्याही तोंडाला कुलूप होते, या समांतरतेबद्दल पुष्कळ बोलले जाते. ती आहे, पण मला ती लेखकाने मागे लावलेल्या पडद्यासारखी वाटते. नाटक पुढे चालले आहे. २०१२ साली प्रदर्शित झालेला सुजय डहाके यांचा चित्रपट देखणा होता आणि राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरीही. पण पडद्यावर आपण मुलाचा चेहरा पाहत राहतो आणि त्याची मनातली बडबड मागे पडते.

आता आपल्याकडे वळू. 'आमच्याच शाळेची गोष्ट' हे आपले म्हणणे कितपत खरे? जोशीला सगळ्या अडचणी आहेत, पण कोणत्या भाषेत बोलायचे ही नाही. शिरोडकर या नावातले शिरोडे एक वेंगुर्ल्याकडे आहे, एक गोव्यात फोंडा तालुक्यात. दोन्हींकडून ते आडनाव मराठी वर्गात सरळ येऊन बसते. आपल्या वर्गात तसे नाही. पाटील, देसाई, कुलकर्णी दोन्हीकडे. '-कर' लावणाऱ्या घरातही चुलीपाशी कानडी ऐकू येते. वहीवरचे नाव वाचून घरची भाषा कळत नाही, आणि ती कळल्याशिवाय आपला जोशी तालमीलाच उभा राहू शकत नाही.

समजा ती कन्नड आहे. मराठीत त्याला म्हणावे लागेल, 'मला तू आवडतेस.' शेवटच्या अक्षरांत ती मुलगी आहे हे क्रियापदच जाहीर करते. लाज वाटावी अशीच ही रचना आहे. कन्नडात 'ननगे नीनु इष्ट', तीन शब्द आणि क्रियापद नाहीच. व्याकरणाच्या हिशेबाने हे सोपे. पण मराठी मुलाला 'इष्ट' हा शब्द इष्टदेवता आणि इष्टमित्र यांच्या संगतीत भेटलेला असतो. तो तिच्यापुढे उच्चारताना एकतर हसू येणार, नाहीतर आपण पूजेला बसलो आहोत असे वाटणार. शेवटी त्याच्या तोंडून जे निघेल ते 'ऊटा आयता?' एवढेच असेल. जेवण झाले का! हा विनोद आपल्याकडच्या कित्येकांनी भोगलेला आहे, आणि तो कोणी लिहिलेला नाही.

अर्थात पूर्ण खरे सांगायचे तर अर्धा लिहिला गेला आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपलाच आहे. 'वनवास' १९९४ सालचे, त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा' आणि संतांच्या निधनानंतर २००४ साली 'झुंबर'. म्हणजे लंपनचे शेवटचे पुस्तक आणि 'शाळा' एकाच वर्षाची. (सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावाही सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी दाखल झाला, हा निव्वळ योगायोग, पण मला विसरता येत नाही.) आजी-आजोबांकडे राहणारा लंपन आणि त्याची सुमी. सुमीविषयी लंपनला जे वाटते त्याला तो नाव देत नाही, त्याला नाव लागतही नाही. तो सगळ्या गोष्टी 'मॅड' ठरवून मोकळा होतो. त्याच्या मराठीत कानडी हेल आहे, आणि संतांनी तो गंमत म्हणून चिकटवलेला नाही. मुलगा विचारच त्या लयीत करतो. पण लंपन तालीम करत नाही. त्याचे वय तालमीच्या अलीकडचे आहे. जोशी ज्या उंबऱ्यावर उभा आहे, त्याच्या अलीकडे संत थांबले.

मधली जागा तशीच राहिली: लंपनच्या बोलीतला जोशी. तो का लिहिला गेला नाही याचे मला सुचणारे कारण आपल्याला रुचणारे नाही. १९५६ पासून भाषा हा आपल्यासाठी हक्काचा विषय आहे. मोर्चा, महाजन अहवाल, पाट्या, शाळा बंद पडणे, यांवर आपण लिहितो आणि लिहायलाच हवे. मीही लिहिले आहे. पण त्यामुळे दुसरी भाषा आपल्या कथांत बहुधा कचेरीच्या खिडकीतून बोलते, नाहीतर पोलिसाच्या तोंडून. तीच भाषा पुढच्या बाकावरच्या मुलीची असू शकते, आणि एखादा मुलगा ती रात्री पांघरुणाखाली चुकत-चुकत घोकत असू शकतो, हे सीमाभागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते कथेत आले की आपण बिचकतो. असा मुलगा लिहिला तर आपली बाजू लुळी पडेल, अशी एक न बोललेली धास्ती आहे. मला ती पटत नाही. ज्याला एक वाक्य सांगण्यासाठी दोन भाषा चाचपाव्या लागतात, त्याला आपली भाषा कशाची बनली आहे हे मोर्चेकऱ्यापेक्षा कमी कळते असे मी मानणार नाही.

आपल्या तरुण लेखकांपैकी कोणी हे करायला घेतलेच, तर अंक काढणाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. त्यातल्या मुलाचे 'काय करालाईस' हे 'काय करते आहेस' करू नका, आणि मुलीच्या कन्नड वाक्याखाली मराठी अर्थ छापू नका. आपल्या वाचकाला तो लागतो.