जरा लांब कर

फोटोशॉपमध्ये उघडलेल्या फोटोच्या खिडकीत, डाव्या कोपऱ्यात अगदी तळाला, एक बारीक आकडा असतो. १०० टक्के, ६६.६७ टक्के, २५ टक्के. रोज बारा-बारा तास फोटोशॉपवर काम करणारी माणसंही त्याच्याकडे मुद्दाम बघत नाहीत. मला मात्र या अख्ख्या प्रोग्रॅममध्ये तो आकडाच सगळ्यात रसाळ वाटतो. ही गोडी लागली उमरग्यातल्या एका छोट्या स्टुडिओत. ऐन लग्नसराईत, अल्बम लावणाऱ्या पोराच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून.

त्याच्यासमोर करिझ्मा अल्बमचं शीट होतं, बारा बाय छत्तीस इंची. ३०० रिझोल्यूशनला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, हे शीट १०,८०० पिक्सेल रुंद आणि ३,६०० पिक्सेल उंच होतं. दुकानातल्या मॉनिटरची रुंदी १,३६६. म्हणजे समोर हत्ती आणि बघायला दाराची फट. त्याने टॅब दाबलं, कडेच्या सगळ्या पट्ट्या नाहीशा झाल्या. मग झूम कमी करत करत आकडा १२.५ वर आणला. आता शीटची रुंदी बरोबर १,३५० भरत होती. आडव्या आठ पिक्सेलांचं काम एकाने भागवलं होतं आणि मांडव, वरात, अक्षता, डोळे पुसणारी आई, सगळं एका नजरेत आलं होतं. त्या टक्क्याला तो फक्त तोल बघत होता. लाल रंग डावीकडे फार झाला का, नवरीच्या नजरेसमोर मोकळी जागा राहिली का. मग कंट्रोल आणि स्पेसबार धरून त्याने तिच्या गालाभोवती एक चौकट ओढली आणि क्षणात आम्ही २०० टक्क्यांवर उतरलो. तिथे लग्न नव्हतं. कानाच्या पाळीमागे राहून गेलेली हळद होती, नथीच्या मोत्यावर मांडवातल्या हॅलोजनचा ठिपका होता. स्पेसबार दाबला की कर्सरचा पंजा होतो. त्या पंजाने तो फोटो असा ओढत होता जशी आपण टेबलावरची चादर ओढावी.

या सगळ्या ये-जा करण्यात फोटोचा एक पिक्सेलही बदलत नाही. इमेज साइझ ही वेगळी गोष्ट. तिथे आकडा बदलला की फाईलच बदलते. झूममध्ये फोटो जागचा हलत नाही, बघणारा हलतो. काउंटरवर लोक म्हणतात, ‘फोटो जरा मोठा करा.’ तेव्हा त्यांना यातलं नेमकं काय हवंय हे ओळखणं हेच निम्मं कसब आहे. कंट्रोल-शून्य दाबलं की पूर्ण फोटो पडद्यात मावतो. शंभर टक्के म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. नवख्याला वाटतं, शंभर म्हणजे प्रिंटमध्ये येईल तेवढा. तसं नाही. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० रिझोल्यूशनला साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो आणि ७६८ पिक्सेल उंचीच्या पडद्यावर शंभर टक्क्यांना चांगला वीतभर मोठा भासतो. कागदावरच्या मापाने बघायचा तर तीस टक्क्यांच्या आसपास यावं लागतं.

झूमच्या पर्यायांत आणखी एक चौकोन आहे, झूमबरोबर खिडकीचाही आकार बदलू द्यायचा की नाही याचा. तो टिक केला की फोटो वाढतो तशी त्याची खिडकीही वाढते, अंगासरशी शिवलेल्या कपड्यासारखी. पण पडद्याच्या कडा लागल्या की खिडकी थांबते आणि फोटो तिच्या आत वाढतच राहतो. तो क्षण मला फार आवडतो. तिथपर्यंत आपण फोटोला एक वस्तू म्हणून बाहेरून बघत असतो. कडा दिसेनाशा झाल्या की आपण फोटोच्या आत उभे असतो. टिक काढलेली असेल तर खिडकी जागची हलत नाही, आणि मला विचाराल तर रिटचिंगला तेच बरं. नजर एका जागी ठरलेली राहते.

फोटोशॉप ७.० हे २००२ सालचं. त्या काळापासून एक सवय जुन्या हातांत आहे: धार नीट आहे का हे ६६.६७ किंवा ३३.३३ ला ठरवायचं नाही. त्या अडनिड्या टक्क्यांना तिरक्या रेषा करवतीसारख्या दिसत. ५० किंवा १०० वर येऊनच निर्णय घ्यायचा. २००८च्या सीएस४ आवृत्तीने ग्राफिक्स कार्डाची मदत घेऊन हे दिसणं मऊ केलं, तरी ती सवय अजून सुटलेली नाही, आणि सुटू नये.

झूम करत खाली उतरण्याला मात्र तळ आहे. पुढच्या आवृत्त्यांत ३,२०० टक्क्यांपर्यंत जाता येऊ लागलं, पण तिथे डोळा डोळा राहत नाही. तपकिरी, करडे, काळे चौकोन उरतात. स्टुडिओच्या भाषेत ‘फोटो फाटतो’. अंतोनियोनीच्या १९६६च्या ‘ब्लो-अप’मध्ये छायाचित्रकार बागेतला एक फोटो एन्लार्जरखाली मोठा करत जातो, आणि शेवटी हाती नुसते दाणे लागतात. एन्लार्जरचं डोकं दांडीवर वर सरकवलं की खाली कागदावरची प्रतिमा मोठी व्हायची. आजचा झूम त्याच घराण्यातला. उलट महामार्गावरच्या चौकातला फ्लेक्स घ्या. दहा फुटी फ्लेक्सची फाईल ७२ रिझोल्यूशनला ८,६४० पिक्सेल रुंद होते. तिच्यातल्या नेत्याच्या मिशीचा एकेक केस साफ करत बसणं व्यर्थ, कारण तो चेहरा बघणारा माणूस रस्त्यापलीकडे, एसटीच्या खिडकीत बसलेला असतो.

त्या दुपारी स्टुडिओत एक म्हातारी आली. पिशवीतून पोस्टकार्ड आकाराचा फोटो काढला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली दगडमातीची, माळवदाची घरं माणसांवर कोसळली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. ढिगाऱ्यातून निघालेला तो फोटो होता, माती बसलेला, मधोमध घडी पडलेला. सात-आठ माणसांत मागे उभा असलेला तिचा भाऊ. त्याचाच एकट्याचा फ्रेमला लावायला हवा होता.

पोराने तो ६०० ला स्कॅन केला. अर्ध्या इंचाचा चेहरा, म्हणजे तीनशे पिक्सेल. घडी नेमकी डाव्या भुवईवरून गेली होती. त्याने ३०० टक्के झूम केला आणि क्लोन स्टॅम्पने घडी भरायला लागला. म्हातारी पडद्याकडे बघून म्हणाली, ‘असं जवळून वळखू येईना रं बाळा. जरा लांब कर की.’

‘थांबा आजी,’ म्हणत त्याने मेनूतून त्याच फाईलची दुसरी खिडकी उघडली आणि दोन्ही शेजारी लावल्या. एकीत ३०० टक्के, दुसरीत ५०. फाईल एकच, त्यामुळे डावीकडे ब्रशचा एक टिपका पडला की उजवीकडे त्याच क्षणी तो चेहऱ्यात मिसळे. डावीकडे पोरगा भुवईचे पाच-सहा करडे चौकोन जुळवत होता. उजवीकडे बोटभर उंचीचा एक तरुण हळूहळू नीट बघायला लागला होता.

पोराने माऊस सोडला. म्हातारीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि खुर्ची हातभर मागे ओढून बसली. पोराने ५० टक्क्यांची खिडकी तेवढी ठेवली, दुसरी बंद केली.