काना-मात्रेचा विवेक

खडकवासल्याला राहणारी माझी आत्या वारली, तेव्हा तिच्या महिन्याच्या मिस्साची पत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पत्रिका वाटून झाल्यावर तिच्या मुलीने एका ओळीवर बोट ठेवले. ‘चिंता’ या शब्दावरचा अनुस्वार निसटला होता. देव आपली चिंता वाहतो, असे सांगू पाहणारी ओळ त्या शोकाकुल घरात भलतेच बोलत होती. ती मला काही बोलली नाही. पत्रिकेची घडी करून तिने प्रार्थनापुस्तकात ठेवली. दोष छापखान्याचा नव्हता. मी अर्थ वाचत गेलो, अक्षरे पाहिलीच नाहीत.

तेव्हापासून ‘ख्रिस्तपुराणा’कडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. या ग्रंथाच्या रसाळपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पण तो आपल्या हाती कितपत शुद्ध आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला, तो रोमी लिपीत. देशी लिपीचे खिळे पाडावेत, ही त्यांची तळमळ होती. सहाशेच्या घरात जाणारे साचे दोनशेपर्यंत आणता येतील, असा हिशेब त्यांनी १६०८ साली रोमला वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात मांडला होता. त्यांच्या हयातीत ते घडले नाही.

याची किंमत मजकुराला मोजावी लागली. ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांना रोमी वर्णमालेत स्वतंत्र अक्षरे नाहीत. भेद दाखवायचा तो काही खुणेने किंवा जोडणीने. नक्कल करणाऱ्याकडून ती खूण सुटली की ‘काळा’चा ‘काल’ होतो. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा रोमीत छापला, तो हस्तलिखिते ताडून पाहूनच.

शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली आणि ग्रंथ मराठी वाचकाच्या घरी आणला. हे ऋण मोठे आहे. तथापि लिप्यंतर म्हणजे अक्षरागणिक निर्णय, हे वाचकाने विसरू नये. त्यात लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताने प्रश्न अधिक अवघड केला आहे. रोमी पाठात जेथे पोर्तुगीज वा लॅटिन शब्द येतात, तेथे या प्रतीत पुष्कळदा संस्कृत शब्द आढळतात. मग चूक कोणती आणि पाठभेद कोणता? केवळ कानाला गोड लागतो म्हणून एक शब्द मूळचा ठरवणे, हा भक्तिभाव असेल, संशोधन नव्हे.

मुद्रितशोधकाचे कर्तव्य म्हणूनच दुहेरी आहे. चूक राहू द्यायची नाही, आणि लेखकाला सुधारायचेही नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम सतराव्या शतकातील ओवीला लावणे हा अपराध ठरेल. तेच नियम आपल्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेत धाब्यावर बसवणे हा आळस होय. ‘दीनांचा कैवारी’ हा ‘दिनांचा कैवारी’ झाला, तर गरिबांचा देव पंचांगात जाऊन बसतो!

उपाय फार मोठा नाही. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवावी. नावे, तारखा व आकडे स्वतंत्रपणे पाहावेत. आपले लिखाण आपण एकट्याने तपासू नये, कारण डोळ्यांना कागदावरचे नव्हे, मनातले दिसते. संगणक ‘चिता’ला चूक म्हणणार नाही, तोही शब्द शुद्धच आहे. तेथे वाक्य समजणारा माणूसच हवा, आणि तो घाईत नसलेला हवा.

अकरा हजार ओव्या रचणाऱ्याने खिळ्यांचासुद्धा हिशेब केला. आपल्याला चार पानांचे मुद्रित दोनदा वाचायला काय हरकत आहे?