मनगटाचा ताळेबंद

समीक्षा लिहिणाऱ्याचा त्या विषयाचा अभ्यास असावा लागतो म्हणे. माझा अभ्यास वाणिज्य शाखेचा, आणि तोही दुसऱ्या वर्गाचा. तरीही आज मी एका वस्तूची समीक्षा करायला बसलो आहे, कारण ती वस्तू मी स्वतःच्या पैशाने विकत घेतली आहे. पुस्तकांच्या किती समीक्षकांना एवढे छातीठोकपणे सांगता येईल?

वस्तूचे नाव पेन टॅब्लेट. शाळेतल्या पाटीएवढी एक काळी पाटी, तिला एक वायर आणि सोबत एक पेन. पाटीवर लिहिले तर पाटीवर काहीच उमटत नाही. जे काय उमटायचे ते समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. वास्तविक ही सोय चित्रकारांसाठी. मी चित्रकार नव्हे. मी काढून दिलेली गाय आमच्या कन्येच्या वर्गात 'टेबल' म्हणून पास झाली होती. मी पाटी घेतली ती गाण्यासाठी.

त्याचे असे झाले. मी दिवसा बँकेत कारकून आणि गुरुवारी रात्री पन्हाळ्यावरच्या आमच्या भजनी मंडळाचा पेटीवाला. पेटी वडिलांची. उरलेल्या रात्री मी कॉम्प्युटरवर चाली बांधतो. त्यातल्या दोन गणेशोत्सवात वाजल्या आहेत. एक तर शेवटपर्यंत वाजली. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री मुंग्यांनी भरू लागली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो करंगळीबद्दल. करंगळी ठणठणीत होती. जे दुखत नाही त्याची चौकशी फक्त ऑडिटर करतो, म्हणून मला जरा शंका आली. पण त्यांचे बरोबर होते. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू, एवढे सगळे प्रवासी त्यातून जातात. गर्दी झाली की चेंगरतो तो मज्जातंतू. करंगळीचा कारभार दुसऱ्या तंतूकडे, आणि तो या बोगद्याच्या वाटेला जातच नाही.

"दिवसभर काय करता?"

"बँकेत माऊस."

"आणि रात्री?"

"घरी माऊस."

"सुट्टीच्या दिवशी तरी?"

"पेटी."

"यातलं काहीतरी कमी करा," असे म्हणून त्यांनी रात्री मनगटाला बांधायचा पट्टा लिहून दिला.

घरी येऊन हिशेब मांडला. बँक कमी करता येत नाही, कारण घराचे हप्ते बँकेलाच जातात. राहता राहिली पेटी. मी ती माळ्यावर ठेवण्यासाठी शिडी आणली, तर ही म्हणाली, "अहो, शिडी ठेवा. मामंजींची पेटी आहे ती, धूळ खायला नाही दिली त्यांनी." मला वाटत होते की पेटीचा हिला त्रास होतो. वीस वर्षांच्या संसारात माणसाला बायकोविषयी इतकी कमी माहिती असते.

अशा वेळी भाचा धावून आला. तो कोल्हापुरात लघुपटांना संगीत देतो. "मामा, माऊस सोडा की आता. पेन धरा. नाद खुळा काम आहे बघा!"

आता वस्तूच्या गुणदोषांकडे वळू. मी वाणिज्यवाला, तेव्हा जमा आधी.

माऊस धरताना तळवा जमिनीकडे असतो आणि मनगट तासन् तास टेबलावर टेकून नुसते उजवीडावीकडे वळत असते. पेन धरताना हात कुशीवर असतो आणि ओढायचे काम कोपर आणि खांद्याकडे जाते. म्हणजे जे काम एकटा शिपाई करत होता ते तिघांत वाटले गेले. शिवाय माऊसला आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो. तो फक्त सरकतो. पाटीचे तसे नाही. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे पडद्याचा वरचा डावा कोपरा. एकदा सवय झाली की हात थेट जागेवर जातो.

आता नावे. पेनाने डबल क्लिक करणे म्हणजे डासाच्या अंगावर दोनदा तेच बोट मारणे. कागद वरखाली करायला माऊसचे चाक नाही. पडद्यावरची आवाजाची गोल बटणे पेनाने फिरवू गेलो की 'हळू'वरून एकदम 'शेजाऱ्यांना जाग'वर जातात. त्यासाठी पेन माऊससारखे वागेल अशी निराळी व्यवस्था करून घ्यावी लागते. आणि सर्वांत मोठा दोष माझाच. चेकवर शिक्का मारावा तसा मी पेन दाबून धरू लागलो. आठ दिवसांत मनगट सुटले आणि अंगठा धरला. दुखणे एका खात्यातून दुसऱ्यात वर्ग झाले, शिल्लक तेवढीच! पेन सैल धरायला शिकायला मला दीड महिना लागला.

पण खरी गंमत पुढेच आहे. कॉम्प्युटरवर सूर मांडायचे ते आडव्या पट्ट्यांनी. वर-खाली सूर, डावीकडून उजवीकडे काळ. म्हणजे पुन्हा पेटीच. पेटीत सा आणि रे यांच्या मधल्या जागेत जाता येत नाही, मींड निघत नाही. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ च्या सुमाराला सैल झाली. आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटी गळ्याच्या जवळ नेऊन ठेवली, हा भाग वेगळा. पण ते टेंबे. मी भजनी मंडळ.

माऊसने मींड काढली तर ती तीन दरवाजाच्या पायऱ्यांसारखी येते. पेनाने मी गंधारापासून पंचमापर्यंत एक झोकदार रेघ काढली. दिसायला सुंदर. वाजवली, तर घाटातून रुग्णवाहिका गेली. चार-पाच रात्री अशाच रुग्णवाहिका गेल्या. मग एकदा वैतागून मी ती ओळ तोंडाने म्हटली आणि म्हणता म्हणता हात चालू दिला. रेघ वेडीवाकडी आली. मधे थबकली, पंचमाला चाटून खाली उतरली. वाजवली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण गातंय?"

या वस्तूची समीक्षा एवढ्यातच आहे. पेनाला गाणे येत नाही. पण गाणाऱ्याच्या हातात ते गळ्यामागून चालते. माऊसला ते जमत नाही.

ही कल्पना आजची नव्हे. यानिस झेनाकिस नावाच्या ग्रीक संगीतकाराने पॅरिसमध्ये १९७७ साली असेच यंत्र उभे केले होते: भला मोठा चित्रफलक, विद्युतचुंबकीय पेन आणि मागे कॉम्प्युटर. रेघ काढायची आणि ऐकायची. मुलांनाही त्यावर संगीत रचता यावे ही त्याची इच्छा. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएच्या कचेरीत हा गृहस्थ बारा वर्षे कामाला होता. म्हणजे नोकरी सांभाळून संगीत. मला एकदम भाऊबंद भेटल्यासारखे वाटले.

आमच्या गडावर मोरोपंतांच्या नावाचे ग्रंथालय आहे. पंतांचा जन्म १७२९ चा, इथलाच. नुसती रामायणेच त्यांनी १०८ रचली असे सांगतात. ग्रंथालयावरून जाताना हल्ली मला त्यांच्या आर्या आठवत नाहीत, त्यांचे मनगट आठवते. बोरू सैल धरत असणार.

हल्ली मुंग्या आठवड्यातून एखाद्या रात्री येतात. बँकेत माऊस डाव्या हाताने चालवतो; साहेबांना वाटते मी काम टाळतो. पण गुरुवारची पेटी वाचली. अर्धा तास मी, अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांतीत टाळ कन्येच्या हाती देऊन तिला पेटीवर बसवतो. तिच्या बोटांवर वडिलांची काळी चार चांगली चालते.

एक दोष सांगायचा राहिला. परवा सहज पाटीवर सही करून पाहिली. माझीच सही, पण काउंटरवर आली असती तर मी ती 'नमुन्याशी जुळत नाही' म्हणून निश्चित परत केली असती.