मधल्या फळीचा मानकरी

आमच्या पेडणे महालात दशावताराचा खेळ रात्रभर रंगतो. राजाच्या प्रवेशाला टाळ्या पडतात, राक्षसाच्या आरोळीने पोरे आईच्या कुशीत शिरतात. परंतु तो सारा खेळ ज्याच्या हातावर तोललेला असतो, त्या पखवाजवाल्याकडे मान वळवून पाहणारा प्रेक्षक विरळाच! फुटबॉलच्या मैदानावर आमची रसिकता याहून निराळी वागत नाही. क्लायमॅक्स लॉरेन्स या गोमंतकीय खेळाडूच्या लोकप्रियतेचा विचार करू लागलो म्हणजे हे प्रकर्षाने जाणवते.

लॉरेन्सची जागा मधल्या फळीत, तीही बचावफळीच्या निकट. २००५ ते २०१२ या काळात धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. गोलांचे श्रेय रँटी मार्टिन्सकडे गेले आणि ते रास्तच होय. तथापि प्रतिपक्षाचा हल्ला आकार घेण्यापूर्वीच हेरावा, चेंडू काढून घ्यावा, तो आखूड पासने सहकाऱ्याच्या स्वाधीन करावा आणि पुन्हा मुकाट्याने जागेवर यावे, हे लॉरेन्सचे काम होते. त्याच्या खेळात लालित्य होते असे मी म्हणणार नाही. त्यात विवेक होता, आणि विवेकाला टाळ्या पडत नाहीत.

मग लोकांना तो आठवतो कशासाठी? तर एका गोलासाठी! २००८ साली हैदराबाद येथे आशियाई चॅलेंज चषकाच्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी त्याने अफगाणिस्तानवर गोल केला आणि भारत १-० असा जिंकला. पुढे दिल्लीच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव झाला. १९८४ नंतर प्रथमच, २०११ च्या आशियाई चषकाचे दार भारतास उघडले. नावाप्रमाणेच त्याने खेळाचा उत्कर्षबिंदू गाठला खरा. परंतु ज्या कामात त्याचे आयुष्य गेले, ते काम त्या एका क्षणाच्या झगमगाटात झाकोळून गेले.

हा दोष केवळ आमचा नव्हे. युक्रेनसाठी सर्वाधिक, १४४ सामने खेळला तो मधल्या फळीतील अनातोली तिमोश्चुक. जगाच्या ओठी नाव मात्र आघाडीच्या शेव्हचेन्कोचे.

कोणी म्हणेल, गोल हेच खेळाचे साध्य. मग त्याचा गौरव झाला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे : मोप्याच्या सड्यावर २०२३ पासून विमाने उतरू लागली, खाली भात कापलेल्या मळ्यांत पोरे चेंडू खेळतात. त्यांतल्या प्रत्येकाला पुढे धावायचे असते, मध्ये उभे राहायला कोणी राजी नसतो. पोरे टाळ्यांची दिशा ओळखतात. ज्या समाजाला केवळ कळस दिसतो, त्याला पाया घालणारे हात एक दिवस मिळेनासे होतात. यापुढे सामना पाहताना क्षणभर चेंडूवरची नजर काढून मधल्या फळीकडे वळवावी, एवढीच रसिकांस विनंती.