सोपी व्याख्या

मुलांसाठी इंग्रजी शब्दांच्या व्याख्या करणे हे काम सामान्यतः पोरखेळ समजले जाते, आणि म्हणूनच ते बहुधा वाईट वठते. परवा धारवाडास आमच्या घरी माझ्या भाचीने 'आंट' या शब्दाची शालेय कोशातील व्याख्या घोकून दाखविली: आईची किंवा वडिलांची बहीण. मग क्षणभर थांबून तिने विचारले, "मामा, मग मामी कोण?"

प्रश्न वकिली वळणाचा होता. कायद्याच्या मसुद्यात 'म्हणजे' लिहिले की दार बंद होते. 'यात समाविष्ट आहे' लिहिले की ते उघडे राहते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या व्याख्याकलमात हे दोन्ही प्रयोग आढळतात, आणि एकाच्या जागी दुसरा पडला तर खटला फिरू शकतो. बालकोशकार मात्र सरसकट दार लावून मोकळे होतात.

या क्षेत्रात मायकेल वेस्ट यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ढाक्यास शिक्षणकार्य करीत असता बंगाली मुलांच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १९३५ साली त्यांनी एन्डिकॉट यांच्यासह सिद्ध केलेल्या कोशात अवघ्या १,४९० शब्दांच्या आधारे सुमारे २४,००० शब्द व वाक्प्रचार समजावून दिले. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दाने सांगण्याची जुनी खोड त्यामुळे मोडली. परंतु 'गेट', 'टेक', 'पुट' यांसारख्या शब्दांपुढे ही शिस्तही थकते. त्यांच्याहून सोपे शब्द आणावयाचे कोठून? तेथे व्याख्या नव्हे, वाक्य हवे. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मातृभाषेतील प्रतिशब्द द्यावा, असे कोणी म्हणेल. कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ पासून आहेच. पण आमच्या हुबळी-धारवाडास घरी मराठी वा कोंकणी, अंगणात कन्नड आणि वर्गात इंग्रजी, अशी अवस्था. मराठीत 'आंट'साठी आत्या, मावशी, काकू, मामी असे चार शब्द. उलट कन्नडातील 'अत्ते' आत्या, मामी आणि सासू या तिघींसही पुरतो. एका शब्दासमोर एक शब्द ठेवण्याची रीत येथे लंगडी पडते.

आणखी एक दोष मला अधिक खटकतो. इंग्रजी बालकोशातील 'रॉबिन' म्हणजे तांबड्या छातीचा लहान पक्षी. आमच्या माळावरचा रॉबिन नर काळाभोर, पंखांवर पांढरा पट्टा, आणि तांबूस रंग काय तो शेपटीखाली. खिडकीतला पक्षी खोटा आणि पुस्तकातला खरा, असे मूल नकळत शिकते. ही हानी स्पेलिंगच्या चुकीहून मोठी आहे. परीक्षेत तिचे गुण कापले जात नाहीत, इतकेच.

शेवटी भाचीच्या वहीत आम्ही दोघांनी लिहिले: आईची किंवा वडिलांची बहीण, अथवा काकाची किंवा मामाची बायको. व्याख्या दुपटीने लांबली; पण स्वयंपाकघरात असलेली तिची मामी तीत मावली.