भूमिका कोणी करावी?

अद्भुतरसावर आमच्या टीकाकारांची मर्जी कधींच फारशी बसली नाहीं. भरतानें त्याला आठ रसांत स्थान दिलें व विस्मय हा त्याचा स्थायीभाव ठरविला, एवढें सांगून साहित्याचे अध्यापक शृंगाराकडे आणि करुणाकडे वळतात. चित्रपटाच्या बाबतींत ही उपेक्षा अधिकच जाणवते. सामाजिक चित्रपटावर गंभीर लेख निघतात, ऐतिहासिक चित्रपटावर वाद होतात. पण बाटलींत कोंडलेला गंगाराम किंवा बाहुल्यांत शिरलेला तात्या विंचू यांचा उल्लेख झालाच तर मुलांची करमणूक म्हणून होतो. ज्यांनीं हे चित्रपट दहा दहा वेळां पाहिले, त्यांच्या मनांत त्यांतून काय उरलें, याची विचारपूस करण्याचें तर कोणालाच सुचत नाहीं.

भोरला लागूनच उत्रोली हें गांव आहे. भोरच्या राजवाड्यांत अनेक चित्रपटांचें चित्रीकरण झालेलें असल्यामुळें त्या बाजूच्या लोकांना चित्रपट ही केवळ पडद्यावरची गोष्ट राहिलेली नाहीं. उत्रोलीच्या एका तरुणाची वही अलीकडे माझ्या पाहण्यांत आली. हा तरुण वाणिज्य शाखेचा पदवीधर असून शिरवळच्या एका कारखान्यांत नोकरी करतो. वहीचे तीन रकाने आहेत : पहिल्यांत अद्भुत चित्रपटाचें किंवा ज्याचा चित्रपट व्हावा असें त्याला वाटतें त्या कथेचें नांव, दुसऱ्यांत ‘कोण हवा’, आणि तिसऱ्यांत ‘काय शिकलों’. वेतालपंचविशीचा चित्रपट निघाला तर विक्रम कोणी व्हावें, नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ या १९१३ सालच्या कादंबरीला नायक कोण शोभेल, जुने चित्रपट नव्यानें काढले तर कोणाला घ्यावें, असे सारे बेत त्यांत आहेत. नटांचीं नांवें येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांच्यापुढें दिलेलीं कारणें मात्र पाहण्यासारखीं आहेत. ‘डोळे तसेच आहेत’, ‘उंची शोभते’, ‘आवाज भारदस्त’ : जवळजवळ सारीं कारणें या एकाच जातीचीं.

अशा वह्यांची थट्टा करणें सोपें आहे. पण अमुक भूमिका अमक्यानें करावी असें म्हणतांना प्रेक्षक त्या पात्राविषयीं एक मत मांडीत असतो. विक्रमाला तो धिप्पाड मानतो कीं विचारी मानतो, हें त्याच्या निवडीवरून कळतें. म्हणजे ही टीकाच झाली. फक्त ती वाक्यांत न लिहितां नांवांत लिहिलेली आहे. टीका म्हटली कीं तिची परीक्षाहि आलीच. तेव्हां प्रश्न असा कीं, डोळे, उंची आणि आवाज यांवरून भूमिका ठरते काय?

या प्रश्नाला आपल्या शास्त्रांत फार जुनें उत्तर आहे. रंगभूमीवरच्या नटाला पाहून ‘हा राम’ अशी जी प्रतीति होते, तिचें विवेचन करतांना श्रीशंकुकानें चित्रांतल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रांतला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतों. तें ज्ञान खरें नव्हे, कारण त्यावर कोणी बसूं शकत नाहीं. तें खोटेंहि नव्हे, कारण आपण फसलेले नसतों. तो संशय नव्हे. आणि ‘हें घोड्यासारखें कांहींतरी आहे’ असें सादृश्याचें ज्ञानहि नव्हे. अभिनवगुप्तानें शंकुकाच्या अनुकरणवादाचें खंडन केलें, तथापि हा घोडा त्या खंडनांतूनहि जिवंत राहिला. आपल्या तरुण मित्राची वही शंकुकाच्या या चौथ्या नकारापाशीं अडखळते. त्याला सादृश्य हवें आहे. आणि भूमिकेचा प्राण सादृश्यांत नाहीं.

आमच्या चित्रपटाचा आरंभच याची साक्ष देतो. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हां तारामतीच्या कामाला एकहि स्त्री मिळेना. अखेर मुंबईंतील एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढें १९१७ सालच्या ‘लंकादहन’ मध्यें याच साळुंक्यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच चेहऱ्याचा पति आणि त्याचीच पत्नी! सादृश्याच्या हिशेबानें प्रेक्षकांनीं हंसत सुटावयास हवें होतें. पण त्यांनीं हात जोडले. १९१९ सालच्या ‘कालियामर्दन’ मध्यें फाळक्यांनीं आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिला कृष्ण केलें. मुलगी कृष्ण झाली म्हणून कोणाचा कृष्ण बाटला नाहीं. कोलरिजनें १८१७ सालीं जिला काव्यश्रद्धा म्हटलें, ती श्रद्धा आमच्या अशिक्षित प्रेक्षकाजवळ कोलरिज न वाचतांच होती.

याच्या उलट बाजूचें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. बालगंधर्वांना पडद्यावर पाहावें ही एका पिढीची केवढी आस होती! १९३५ सालीं प्रभात कंपनीनें ‘धर्मात्मा’ काढला व बालगंधर्वांना एकनाथांची भूमिका दिली. दिग्दर्शक शांताराम, नट महाराष्ट्राच्या गळ्यांतला ताईत, आणि कथानक घरोघर ठाऊक असलेलें. तरीहि अपेक्षेप्रमाणें तें चित्र रंगलें नाहीं, आणि बालगंधर्व व प्रभात यांचा संबंध लौकरच संपला. पुढच्याच वर्षीं, १९३६ सालीं, त्याच कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. त्यांतले विष्णुपंत पागनीस हेहि पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तो चित्रपट मुंबईंत वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसपर्यंत नांवाजला गेला.

दोघेहि स्त्रीभूमिकांतून आलेले, दोघांच्याहि वांट्याला संताचीच भूमिका, आणि कंपनीहि एकच. मग हा फरक कशानें पडला? वयाचें कारण सांगतात. पण ४७ वर्षांचा पुरुष एकनाथ व्हावयास अयोग्य कसा? माझ्या मतें कारण असें कीं, ‘धर्मात्मा’ पाहावयास गेलेला प्रेक्षक बालगंधर्वांना पाहावयास गेला होता. त्याच्या डोळ्यांत त्यांची भामिनी आणि रुक्मिणी आधींच बसलेली. एकनाथाला तेथें जागाच रिकामी नव्हती. पागनिसांपाशीं असला लौकिकाचा बोजा नव्हता. ते आले, वीणा घेऊन बसले, आणि जागा भरून गेली. इतकी कीं पुढें लोक त्यांना तुकाराम म्हणूनच ओळखूं लागले. त्या चित्रांत अद्भुताचीहि कमतरता नव्हती. बुडालेल्या वह्या वर येतात, शेवटीं वैकुंठाचें विमान येतें. पण विमानावर विश्वास बसतो तो आधीं तुकारामाच्या संसारावर बसला म्हणून. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांचें मर्म हेंच होतें. यांपैकीं फत्तेलाल धर्मानें मुसलमान होते, आणि याच जोडीच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ मध्यें ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे नगरच्या ख्रिस्ती घराण्यांतले. भिंत चालली ती प्रेक्षकांनीं पाहिली. ती चालविणाऱ्याची जात किंवा धर्म विचारण्याची गरज त्यांना भासली नाहीं.

आतां त्या वहींतील जो रकाना मला सर्वांत अर्थपूर्ण वाटला, त्याकडे वळूं. ‘धडाकेबाज’ (१९९०) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) हे महेश कोठारे यांचे चित्रपट वहींत अर्थातच आहेत. तात्या विंचूसाठीं दुसरा कोणी सुचविलेला नाहीं; ‘आवाज प्रभावळकरांचाच’ असा शेरा आहे. आणि लक्ष्यापुढचा रकाना कोरा आहे. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीं वारले, त्या वेळीं या तरुणाला धड बोलतांहि येत नसेल. तरी त्याला तेथें कोणाचें नांव घालवेना.

हा कोरेपणा केवळ हळवेपणाचा नव्हे. राम, कृष्ण, तुकाराम या भूमिका नटाहून मोठ्या आहेत. एक नट गेला कीं दुसरा येतो आणि राम उरतोच. लक्ष्याची गोष्ट निराळी. त्या पात्राचें नांवच नटाच्या नांवावरून आलेलें. घोडा आणि त्याचें चित्र यांमधलें अंतरच येथें मिटलें आहे. म्हणूनच २०१३ सालीं ‘झपाटलेला २’ काढतांना लक्ष्याच्या जागीं दुसरा लक्ष्या न आणतां कथा पुढच्या पिढीकडे नेली, हा निर्णय मला कलादृष्ट्या योग्य वाटतो.

पण आज एक नवाच प्रश्न उभा आहे. यंत्राच्या साह्यानें मृत नटाचा चेहरा आणि आवाज पुन्हा पडद्यावर आणण्याची भाषा सर्वत्र ऐकूं येते, आणि आपल्या वहीवाल्यासारख्या असंख्य चाहत्यांना ती सुखाची वाटते. त्यांना मी इतकेंच विचारीन : यंत्र देईल तें काय? डोळे तेच, उंची तीच, आवाज तोच. म्हणजे सादृश्य; आणि तेवढेंच. नट भूमिका करतो याचा अर्थ तो प्रत्येक क्षणीं कांहींतरी निवडतो : येथें थांबावें, तेथें डोळा मिचकावावा, हें वाक्य गिळून टाकावें. निवडणारा गेला कीं उरतें तें मुखवट्याचें हालणें. शिवाय जिवंत नट भूमिका नाकारूं शकतो. गेलेल्याला तो अधिकार कोण देणार? देह नसलेला जीव बाहुल्यांत घालणें हें ‘झपाटलेला’ मध्यें तात्या विंचूचें काम होतें. त्या चित्रपटाच्या चाहत्यांनींच तें आतां प्रेमापोटीं मागावें, हा विरोध त्यांच्या लक्षांत यावयास हवा.

राहिला तिसरा रकाना. ‘लोभ करूं नये’, ‘मित्राला दगा देऊं नये’, ‘शेवटीं सत्य जिंकतें’. हे धडे खोटे नाहींत. पण ते शिकावयास चित्रपट कशाला हवा? भिंतीवरच्या सुविचारांतहि ते मिळतात. मात्र एके ठिकाणीं, ‘झपाटलेला’ पुढें, त्यानें लिहिलें आहे : ‘गुपित ज्याला पहिल्यांदा सांगावें त्याच्याशीं आपण बांधले जातों.’ हें वाक्य वाचून मी थांबलों, कारण येथें तो चित्रपटाच्या गाभ्याशीं पोंचला आहे. मृत्युंजय मंत्रानें तात्या विंचू मरणांतून सुटला. पण ज्याला त्यानें आपलें गुपित प्रथम सांगितलें त्याच्याच देहांत त्याला शिरतां येतें, ही अट त्याच मंत्रानें त्याच्यावर घातली.

अद्भुतकथेचा खरा बोध या अटींत असतो. वास्तव जगांत नियम वाकतात, सबबी चालतात, ओळखी उपयोगीं पडतात. अद्भुताच्या जगांत वर मिळतो तो अटीसह, आणि अट कोणालाहि सोडीत नाहीं. भस्मासुराला मिळालेलें सामर्थ्य त्याच्याच मस्तकावर उतरलें. ‘तुंबाड’ (२०१८) मध्यें एका कणकेच्या बाहुलीवर जेवढें सोनें मिळे तेवढ्यावर भागलें नाहीं. एका खेपेंत सारेंच मिळावें म्हणून अनेक बाहुल्या नेल्या, आणि एकाच्या जागीं तितकेच हस्तर उभे राहिले. ‘लोभ करूं नये’ या उपदेशानें जें कळत नाहीं तें ही मोजणी पाहून कळतें. ‘धडाकेबाज’ मध्यें तर याहून सूक्ष्म गोष्ट आहे. संकटांत सांपडलेला लक्ष्या आणि त्याला साह्य करणारा गंगाराम हे दोघे एकाच नटाचे, एकाच तोंडवळ्याचे. आणि त्यांना छळणाऱ्या कवट्या महाकाळाला मात्र चेहराच नाहीं, कवटीचा मुखवटा आहे. दिग्दर्शकाच्या मनांत हें होतें कीं नाहीं, हा प्रश्न गौण. पडद्यावर तें आहे, आणि पाहणाऱ्यानें तें घेतलें पाहिजे.

‘झपाटलेला’ची मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ सालच्या अमेरिकन चित्रपटाची, म्हणून नाकें मुरडणारे आहेत. पण परक्या कल्पनेला घरचें अन्न लागतें तें येथें मिळालें. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांची परंपरा त्यांच्या वडिलांपासून, म्हणजे यशवंतराव पाध्यांच्या अर्धवटरावापासून, मराठी घरांना ओळखीची होती. ‘झपाटलेला’ मधला बाहुला रामदासांच्याच हातचा, आणि त्यांतला लक्ष्याहि शब्दभ्रमकार होऊं पाहणारा. बाहुलें बोलतें यावर आपला विश्वास आधींच होता. चित्रपटानें त्यांत फक्त भीति घातली.

तेव्हां आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशा वह्या लिहिणारीं मुलें असतील, त्यांनीं त्या वह्या फेंकून देऊं नयेत. मुलांना दुसऱ्या रकान्यासाठीं एक नवा प्रश्न मात्र सुचवावा. हा नट पात्रासारखा दिसतो काय, असें न विचारतां, त्या पात्रापुढें जो पेंच येतो त्या वेळीं हा नट काय करील, असें विचारावें. विक्रमाचें धिप्पाडपण फारसें महत्त्वाचें नाहीं. बोलल्यास वेताळ झाडावर परत जातो हें ठाऊक असूनहि तो उत्तर देतो आणि पुन्हा मुकाट्यानें झाडाकडे चालूं लागतो. ती पावलें ज्याला टाकतां येतील त्याला ती भूमिका द्यावी. तो नामवंत असेल किंवा भोरच्या बाजारांत कालपर्यंत कोणी न ओळखलेला असेल. फाळक्यांना त्यांची तारामती उपाहारगृहांतच सांपडली होती.