छबिलदास नसलेला सिनेमा

धाराशिवहून पुण्याला चित्रपट महोत्सवासाठी जायचं तर रात्रीची रेल्वे बरी पडते. लातूरकडून येणारी गाडी बार्शी, कुर्डुवाडी, जेऊर अशी सरकत पहाटे पुण्यात पोचते. जेऊर हे नागराज मंजुळेंचं गाव. बार्शी हे 'कस्तुरी' करणाऱ्या विनोद कांबळेंचं, आणि 'म्होरक्या'ही याच पट्ट्यातला. म्हणजे प्रेक्षक ज्या गावांवरून झोपेत पुढे जातो, त्याच गावांतून निघालेले सिनेमे बघायला पुण्यात उतरतो, गळ्यात ओळखपत्र अडकवतो आणि रांगेत उभा राहतो.

महोत्सव आपल्याकडे कमी नाहीत. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठीचा मुंबईचा 'मिफ' १९९०पासून दर दोन वर्षांनी भरतो. जब्बार पटेलांच्या पुढाकारानं पुण्याचा 'पिफ' २००२मध्ये सुरू झाला. संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव 'सुवर्ण कैलास' देतो, आणि पिफचा एक फाटा अलीकडे लातूरपर्यंत आला आहे. धाराशिवात यातलं काही नाही. बीडमार्गे संभाजीनगर गाठा किंवा तासाभरात लातूर. पण आपल्या गावात महोत्सव नाही, हे माझं रडगाणं नाही. उद्या झाला तरी उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं आणि मग रिकाम्या सभागृहात सकाळचे लघुपट, एवढंच होणार असेल तर तो न झालेला बरा. मला वेगळंच विचारायचं आहे. मराठीत स्वतंत्र, प्रायोगिक म्हणावा असा सिनेमा गेली पन्नास वर्षं होतो आहे. तो राहतो कुठे?

'प्रायोगिक' हा शब्द आपण नाटकाकडून उचलला. नाटकाच्या त्या शब्दामागे एक पत्ता होता. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह 'आविष्कार'नं १९७४मध्ये धरलं, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं प्रयोग होत राहिले. ना धड रंगमंच, ना विंगा, गरम व्हायचं ते वेगळंच. पण तेच शे-दोनशे प्रेक्षक पुन्हा पुन्हा यायचे. मागचं नाटक फसलं हे त्यांना ठाऊक असायचं, म्हणून पुढचं का जमलं हेही कळायचं. प्रयोगाला फसण्याची मुभा लागते, आणि ती मुभा ओळखीचा प्रेक्षकच देतो. मराठी सिनेमाला असा पत्ता मिळाला नाही. त्याला जत्रा मिळाल्या. जत्रेत कोणी राहत नाही.

'घाशीराम कोतवाल' या एकाच चित्रपटात ही गोष्ट पुरती सापडते. १९७६मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या काही जणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली, बँकेचं कर्ज उचललं आणि तेंडुलकरांच्या नाटकावर चित्रपट केला. दिग्दर्शन सामूहिक: के. हरिहरन, मणि कौल, कमल स्वरूप, सईद मिर्झा. ओम पुरी घाशीराम, मोहन आगाशे नाना. पण नाटक पडद्यावर उतरवून घेण्यात त्यांना रस नव्हता. नाटकातली माणसांची भिंत त्यांनी मोडली, कॅमेरा मोकळ्या मैदानात नेला आणि पेशवाईची गोष्ट सांगता सांगता आणीबाणीच्या काळातल्या प्रेक्षकाकडे बोट रोखलं. शेवटचं न तुटणारं लांबलचक दृश्य आजही दम काढतं. असा चित्रपट मराठीत झाला, आणि पुढे तो बघायचीच सोय उरली नाही. दोन पिढ्यांनी त्याच्याबद्दल फक्त वाचलं. बर्लिन महोत्सवाच्या फोरम विभागात तो दाखवला गेला होता आणि तिथल्या आर्सेनाल संस्थेनं प्रत आपल्या संग्रहात ठेवली होती, म्हणून तो पुन्हा उजेडात आला. पुण्यात जन्मलेला चित्रपट बर्लिनच्या तळघरात तगला. तिथला महोत्सव आठवडाभरात संपत असेल, पण संपताना आलेल्या पाहुण्याची एक प्रत कपाटात ठेवून घेण्याची शिस्त त्याच्यापाशी होती. आपले महोत्सव स्मृतिचिन्हं देतात.

चित्रकार अकबर पदमसींचं नशीब तेवढंही नव्हतं. सत्तरच्या सुमारास नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्यांनी मुंबईत एक कार्यशाळा उभी केली आणि चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एका छताखाली आणले. 'सिझिजी' हा रेषांचा मूक चित्रपट तिथला. दुसऱ्याची, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची, प्रत एकच होती आणि ती हरवली. पुढे २०१६मध्ये आशिम अहलुवालियांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन हरवलेल्या चित्रपटाच्या आठवणीवरच एक चित्रपट केला. आपल्या प्रायोगिक सिनेमाचा इतिहास असा आठवणींवरच रचावा लागतो. अरुण खोपकरांच्या 'चलत्-चित्रव्यूह'ला २०१५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सिनेमावर इतकं चांगलं मराठी गद्य आपल्याकडे आहे. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळू शकतं, त्यात उल्लेखलेले चित्रपट नाही.

गंमत म्हणजे हे नेहमीच असं नव्हतं. प्रायोगिक सिनेमा एकेकाळी तालुक्याच्या टॉकीजपर्यंत येत होता, तोही सक्तीनं. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं दाखवणं परवान्याच्या अटीतच होतं. ही संस्था १९४८मध्ये निघाली ती सरकारी प्रचारासाठी. पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्याँ भावनगरींच्या आशीर्वादानं तिथं काही वेड्या माणसांना मोकळीक मिळाली. प्रमोद पतींचा 'एक्सप्लोरर' (१९६८) म्हणजे धाडधाड आदळणाऱ्या प्रतिमा, ठेक्यावर तुटणारी दृश्यं, ना निवेदन ना संदेश. 'आबिद'मध्ये (१९७२) आबिद सुरती खोलीच्या भिंती रंगवत ॲनिमेशनमधल्या आकृतीसारखे उड्या मारतात. एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय ॲम २०' स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या पोरांना बोलतं करतो, आणि ती पोरं सरकारला हवं ते बोलत नाहीत. हुसेन यांचा 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' याच संस्थेचा. त्याला १९६७मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. टॉकीजमधली बरीच मंडळी डॉक्युमेंटरी लागली की बिडी ओढायला बाहेर जायची, हे मान्य. पण काही जण आत बसून राहायचे. त्या बसून राहिलेल्या प्रेक्षकाचं पुढे काय झालं, याचा विचार कुणी केला नाही. सक्ती ढिली पडली, टॉकीजही मिटत गेल्या, आणि २०२२मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत विलीन झालं.

सरकारी मेहेरबानीची दुसरी बाजूही आहे. २००४च्या मिफच्या आधी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. देशभरच्या चित्रपटकारांनी आवाज उठवला, अट मागे गेली, पण निवड जाहीर झाली तेव्हा बरेच तिखट चित्रपट बाहेर होते. मग त्याच दिवसांत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' भरला. नाकारलेले चित्रपट, खुर्च्या कमी, जमिनीवर बसलेली माणसं. मराठी सिनेमाच्या छबिलदासच्या जवळ जाणारी एखादी जागा सांगायची तर मी ती सांगेन. त्या लढ्यातल्याच आनंद पटवर्धनांनी पुढे 'जय भीम कॉम्रेड' (२०११) केला. रमाबाई नगरचा गोळीबार आणि शाहीर विलास घोगरेंची आत्महत्या इथून सुरू होणारा हा चित्रपट पुरा व्हायला १४ वर्षं लागली. मिफनंही त्याला गौरवलं. पण त्याचं खरं आयुष्य भायखळ्याच्या बीआयटी चाळीत आणि त्यानंतर वस्तीवस्तीत, उघड्यावर बांधलेल्या पडद्यावर गेलं. ज्यांची गाणी चित्रपटात होती ती माणसं समोर बसून स्वतःला बघत होती.

आजचं चित्र वरवर पाहता भरभराटीचं आहे. 'कोर्ट'ला २०१४मध्ये व्हेनिसच्या ओरिझोन्ती विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. 'द डिसायपल'ला २०२०मध्ये तिथंच पटकथेचं. अक्षय इंडीकरांचा 'त्रिज्या' शांघायला गेला, 'स्थलपुराण' बर्लिनला. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'नं २०२५मध्ये सनडान्सला जागतिक कथाचित्रपटांत ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. यादी अभिमानाची आहे. पण यादीकडे बघून टाळ्या वाजवणं वेगळं आणि या चित्रपटांनी नेमका कोणता प्रयोग केला ते विचारणं वेगळं.

माझ्या मते 'कोर्ट'चा प्रयोग खरा. काम संपल्यावरही चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा जागचा हलत नाही. खटला संपतो, वकील घरी जातात, सरकारी वकीलबाई स्वयंपाकाला लागतात, न्यायाधीश सुट्टीवर जातात, आणि अन्याय कुणा खलनायकाकडून न होता अशा साध्यासुध्या दिनक्रमातून कसा होतो ते नुसत्या थांबण्यातून कळतं. 'साबर बोंडं'ही पार्श्वसंगीताला फाटा देऊन दहा दिवसांच्या सुतकात दोन पुरुषांमधली ओढ शांतपणे उलगडू देतो. 'त्रिज्या' मला अर्धाच पटतो. त्याचं ध्वनिआरेखन अफाट आहे, राष्ट्रीय पुरस्कार उगीच मिळाला नाही. पण चौकट इतकी देखणी होत जाते की सोलापूरकडून पुण्यात आलेल्या त्या कवीची घुसमट तिच्या सौंदर्यामागे दडते. तरीही मी तो तिसऱ्यांदा बघेन. जे जमलंय त्यापेक्षा जे हुकलंय त्यातून जास्त शिकायला मिळतं.

बाकी बराचसा 'महोत्सवी' मराठी सिनेमा विषयानं प्रायोगिक असतो आणि बांधणीनं नेहमीचाच. विषय जितका दाहक तितका कॅमेरा आज्ञाधारक. लहान मूल, शाळा, जात, गरिबी, शेवटी एक सूचक दृश्य. 'पिस्तुल्या' (२००९) आणि 'फँड्री'नं (२०१३) ही वाट खोदली तेव्हा तिथं धोका होता. 'फँड्री'तला शेवटचा दगड थेट बघणाऱ्याच्या दिशेनं आला होता. त्यानंतर आलेले कितीतरी दगड पुरस्कार समितीच्या दिशेनं, अदबीनं फेकलेले आहेत. 'कस्तुरी'बद्दल मला आदर आहे, कारण अंगाला चिकटलेल्या वासावर उतारा शोधणारा तो मुलगा म्हणजे कल्पनाच विलक्षण आहे. वास पडद्यावर दाखवता येत नाही. म्हणून तर तो सिनेमासमोरचा खरा प्रश्न होता. चित्रपट त्या प्रश्नाशी थोडं झुंजतो आणि मग गोष्टीच्या ओळखीच्या रस्त्याला लागतो.

यात दोष एकट्या दिग्दर्शकांचा नाही. महोत्सवाच्या अर्जात चित्रपटाचं सार चार ओळींत लिहायचं असतं. चार ओळींत विषय मावतो, बांधणी मावत नाही. मराठवाड्याच्या वाट्याला तर विषयही ठरलेले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची जमीन हलली, कॅमेऱ्यांचे ताफे आले, ढिगारे टिपले आणि गेले. नंतर ते दुष्काळाला आले, मग आत्महत्यांना. माणसं पत्र्याच्या निवाऱ्यातून नव्या आखीव गावठाणात गेली, जुन्या गल्ल्यांची वळणं डोक्यात ठेवून काटकोनात राहायला शिकली. त्या काटकोनांत एक अख्खा प्रायोगिक सिनेमा पडून आहे. पण चार ओळींत तो कसा सांगणार?

'इकडच्या प्रेक्षकाला असलं संथ झेपत नाही' हे वाक्य आयोजकांकडून हमखास ऐकू येतं. तुळजापूरच्या भागात हे म्हणणं जरा धाडसाचंच. इथं संबळाच्या तालावर गोंधळ रात्रभर चालतो. कथा पुढं सरकायची कुणाला घाई नसते. गोंधळी मध्येच थांबतो, दिवटीत तेल घालतो, कुणाची तरी टर उडवतो आणि पुन्हा आख्यानाला लागतो. तीन मिनिटांचं स्थिर दृश्य यापुढे काय आहे! आणि जत्रेतल्या तंबू टॉकीजचा प्रेक्षक बघायचा असेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' बघावा. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरच्या या माहितीपटाची २०१६मध्ये कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. रीळ अडकतं, प्रक्षेपक रुसतो, आणि तंबूतली माणसं वाट बघत बसून राहतात.

घर म्हणजे काय लागतं? एक खोली, एक पडदा, ठरलेला वार. पुण्यात उमेश कुलकर्णींच्या 'आरभाट'नं लघुपटांसाठी क्लब चालवला तेव्हा एवढंच होतं. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार १९८६पासून आहे. याच संस्थेच्या मुंबईतल्या माध्यम विभागात अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी माहितीपट केले. नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धनांवरचा 'साचा' (२००१) त्यांचाच. संस्था एकच, मध्ये फक्त एका पडद्याचं अंतर.

आम्ही एकदा हा खटाटोप करून बघितला. एका शिकवणीचा वर्ग, खिडक्यांना सतरंज्या, उसना प्रोजेक्टर, लग्नाच्या मंडपवाल्याकडून आणलेला स्पीकर. जवळच्याच भागातल्या एका तरुण दिग्दर्शकाचा चित्रपट. परदेशात दाखवून झालेला, इथं कुठंच नाही. त्यानं लिंक दिली होती, रात्री बारापर्यंतच चालणारी. चाळीसेक माणसं आली. सुरू होण्याआधी मागून एकानं विचारलं, "अवॉर्डचा पिक्चर हाय का?" साडेदहाला लाइट गेली ती पावणेबाराला आली. आम्ही घाईनं लावला, आणि शेवटची अकरा मिनिटं उरलेली असताना पडद्यावर लिंकची मुदत संपल्याची पाटी आली. दिग्दर्शकाला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो बिचारा ओशाळला, म्हणाला, शेवट मी तोंडी सांगतो. त्यावर पुढच्या रांगेतले एक आजोबा, जे मघापासून डुलक्या घेत होते असं मला वाटत होतं, ते म्हणाले, "सांगू नका साहेब. बघायचाय."

पुढच्या शनिवारी नवी लिंक आली. सतरा जण आले. आम्ही पहिल्यापासून लावला.